सुशीलाचं उत्तर आल्याशिवाय गाणं नाही

गोव्यातलं मुळगाव सोडलं त्या दिवशी मी रडले नाही. खाण बंद पडली, मुलाने ट्रक विकला, त्याला पुण्यात कारखान्यात काम मिळालं. नवरा आधीच गेला होता. मग मागे राहायचं कुणासाठी? धाकटी जाऊ सुशीला डिचोलीच्या स्टँडवर पोचवायला आली. गळ्यात वगैरे पडली नाही. हातात लिंबू दिलं आणि म्हणाली, "वैनी, घाटात ओकारी येतली. हुंगत ऱ्हव." तीस वर्षं एका चुलीवर भांडलेल्या बायका आणखी काय बोलणार?

तेव्हा मी खुर्चीला कदेल म्हणायचे, सकाळी पाववाल्या पोदेराची वाट बघायचे. आता लिफ्टचं बटण दाबते, डिलिव्हरीवाल्याला ओटीपी सांगते. पुण्याने माझं काही वाईट केलेलं नाही. गाव सुटल्याचं रडगाणं कुणी माझ्याकडून ऐकायला बसू नये.

माझी नात मयूरी आणि तिचे दोन मित्र रॅप करतात. यंदा त्यांनी पहिला अल्बम केला. एकदा मला स्टुडिओ दाखवायला नेलं. भिंतींना स्पंज लावलेली खोली, एसी असा की मी शाल गुंडाळून बसले. पोरं एकमेकांना यमकात टोमणे मारत होती. मी म्हटलं, यात नवं काय? हे आम्ही चवथीला गणपतीपुढे करायचो. फुगडीत दोन बाजू. समोरच्या बाईला नाव घेऊन टोमणा हाणायचा, आणि सगळ्यांनी तोंडाने फू, फू असा ताल धरायचा.

"आजी, म्हणून दाखव ना."

समोर माईक चालू होता. मी म्हटलं:

सुशीलाचां हुमण इतक्यां पातळ,
बांगडो सोधता टोपाचो तळ!

हुमण म्हणजे आमच्याकडची माशांची आमटी. पोरं हसून लोळली. पुढच्या आठवड्यात मयूरीने त्याचं गाणं करून मला ऐकवलं. ढोल, माझा आवाज, माझी फू, आणि सुशीलाचं नाव पुन्हा पुन्हा.

मी तिला गाणं थांबवायला लावलं. आई सांगायची, "उत्तर घेतल्याशिवाय फुगडीतून हात सोडू नये." समोरची तिथल्या तिथे परतफेड करते, म्हणून मनात काही उरत नाही. इथे मी एकटीनेच हाणलं होतं, आणि ते कायमचं राहणार होतं. मुळगावात घराघरांत मोबाइलवर वाजलं असतं. सुशीला पुन्हा माझ्याशी बोलली नसती, आणि तिचं काही चुकलं नसतं.

"हे गाणं काढ," मी म्हटलं.

"आजी, अल्बममधलं सगळ्यात भारी गाणं आहे ते! शुक्रवारी फायनल द्यायचंय. रॅपमध्ये असं चालतं."

"समोरचीला तोंड उघडायला मिळतं?"

मयूरीने नाही म्हणून मान हलवली.

"मग फोन लाव. तिने उत्तर दिलं तर ठेव. नाहीतर माझा आवाज पूस."

सुशीलाला मी सरळ सांगितलं, तुझं हुमण मशीनवर चढवलंय.

"माजां हुमण?" ती एकदम कडाडली. "चार चवथी झाल्यो, घराक पाय लावूक ना, आनी माज्या हुमणाक नाव ठेवतंस? ऱ्हव, फाल्यां बघ!"

दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाने तिचं उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलं:

वैनीचां हुमण दाटच दाट,
पुण्यात बसान चुकली घराची वाट!

मागे शेजारणींची दणदणीत फू, आणि एक कोंबडा. मयूरीच्या मित्राला कोंबडा काढायचा होता. तिने काढू दिला नाही.

मला राग आला. खरं होतं म्हणून आला. चार वर्षं मी गुडघ्यांचं कारण सांगत होते, आणि इथे भाजी आणायला रोज दोन किलोमीटर चालत होते.

अल्बम आला. मुळगावच्या बायांनो, तुम्ही ऐकलाच असेल, आणि सुशीलाचीच बाजू घेतली असेल. माझ्यासारख्या गाव सोडलेल्यांनो, तुम्ही विचारता घर कुठलं. पुण्यात मला सगळे "हो काकू, बरोबर आहे काकू" म्हणतात. जिथे नाव घेऊन मला खोटं पाडणारी बाई आहे, ते माझं घर. चवथीचं तिकीट काढलंय. माझं उत्तर तयार आहे. ते माईकवर म्हणणार नाही, तिचे हात धरून म्हणणार.