श्वास रोखून दाबलेला पंप

माझी शेवटची पोस्टिंग जम्मूकडची. मी पलटणीला नर्सिंग असिस्टंट म्हणून अटॅच होतो. हवालदार युनूस शेख तिथंच भेटला. माझ्याच जिल्ह्याचा, त्यामुळं लगेच जमलं. रेंजवर त्याच्यापुढं टिकायची कुणाची बिशाद नव्हती. नवीन जवानांना तो एकच मंत्र द्यायचा, "पहले साँस रोक, फिर ट्रिगर दबा."

निवृत्त झाल्यावर आम्ही पडेगावात शेजारी राहायला आलो. युनूस एका सिमेंटच्या गोदामावर गार्ड लागला. तिथं त्याला दम्यानं गाठलं. डॉक्टरांनी पंप दिला, घ्यायचा कसा ते दाखवलं. तरी धाप उतरेना.

"जाधव, इस पंप में कुछ दम नै."

"घेऊन दाखव."

त्यानं छातीभर श्वास घेतला, रोखला आणि मग पंप दाबला. पांढरी वाफ ओठांतून बाहेर आली.

"अरे येड्या, ही रायफल नाय! छाती आधीच भरलीस, आता औषध जाईल कुठं? पंप हलव. श्वास पूर्ण सोड. ओठ घट्ट लाव. हळू ओढायला लागला की दाब, अन् ओढतच राहा. मग रोख."

"व्हय साहेब," म्हणत त्यानं सॅल्यूट ठोकला.

रोज संध्याकाळी ओट्यावर मी त्याची कवायत घ्यायचो. बरा असला की बिनचूक घ्यायचा. धाप लागली की शरीर पुन्हा रेंजवर. मी म्हणालो, "स्पेसर आण. त्या नळकांड्यात औषध थांबतं, सावकाश ओढता येतं."

"गेटवर डबा तोंडाला लावून बसू? लोक हसतील, यार."

लई हट्टी माणूस.

उन्हाळ्यातली दुपार होती. गोदामात ट्रक खाली होताना पोती फुटून सिमेंटची धूळ उडाली. युनूसचा फोन आला, "जाधव... आ जा." मी मोटारसायकल काढली.

तो गेटवर खुर्चीत पुढं झुकला होता. गळ्याच्या शिरा ताठ. मॅनेजर म्हणाला, "ॲम्ब्युलन्स निघालीय."

"युनूस, श्वास सोड. आता ओढ अन् दाब."

त्यानं मान हलवली. श्वास घेतला, रोखला, मग दाबलं. वाफ नाकातून बाहेर.

"रोखू नको!"

पुन्हा तेच.

मी पंप हिसकावला. पाण्याच्या बाटलीच्या बुडाला भोक पाडून त्यात बसवला, बाटलीचं तोंड त्याच्या ओठांत दिलं. "मी दाबतो. तू नुसतं ओढ. ऑर्डर आहे." मी दाबलं. पण ओढायलाच श्वास उरला नव्हता. ओठ निळे पडले. औषध बाटलीत तसंच राहिलं.

ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन लावला. छावणीचं हॉस्पिटल यायच्या आत माझ्या बोटांखालची नाडी गेली.

गोळी लागलेले जवान मी हाताळले आहेत. त्यांच्या घरी काय सांगायचं ते ठरलेलं असतं. युनूस ड्यूटीवरच गेला, पण पलटणीच्या स्मारकावर त्याचं नाव लागणार नाही. पडेगावच्या कब्रस्तानात मी तीन मुठी माती दिली. मला त्याचा राग येत होता.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. भाभी दाराआडून म्हणाल्या, "भाईसाब, दवा तो उनके हाथ में थी ना?"

"थी, भाभी."

"फिर?"

मी खिशातून त्याचा पंप काढला, छातीभर श्वास घेतला, रोखला आणि मग दाबून दाखवला.