धाकटीकडे मुक्काम

कापड गिरणीत माग सोडून उठलं की धागा तुटलाच म्हणून समजा. त्यामुळे आक्का कामावर पाण्याचा घोट घेत नसे आणि संध्याकाळी घरी येऊन तांब्यावर तांब्या रिता करी. पुढे गिरणी सुटली, मासिक पाळी थांबली, पण ही सवय काही सुटली नाही. आताशा रात्रीतून तिला सारखं लघवीला उठावं लागे.

त्यापायी ती धाकट्या बहिणीकडे जाऊन दिवस मावळायच्या आत परत फिरे. लहानपणी दोघी एका पांघरुणात बोलत बोलत झोपत. तसं एकदा तरी झोपावं म्हणून तिचा जीव तुटे. पण धाकटीचं शौचालय जिन्याखाली होतं, आणि रात्री जिना वाजवून घरातल्या सगळ्यांना जागं करायची आक्काला लाज वाटे.

शेवटी तिनं दवाखान्यात दाखवलं. तपासणी झाल्यावर नर्सबाई म्हणाली, "पाळी गेल्यावर बऱ्याच जणींना होतं हे. त्यात तुम्ही दिवसाचं पाणी रात्री पिता. दिवसा प्या, संध्याकाळनंतर हात आखडता घ्या."

आक्कानं नेटानं तसं केलं. उठणं कमी झालं, संपलं नाही. तरी तिनं पिशवी भरली आणि फोन लावला.

"राहायला येते. पण रात्री एक-दोनदा उठते गं मी."

"मी तर तुझ्याहून जास्त उठते," धाकटी म्हणाली. "तुझी झोपमोड नको, म्हणून कधी राहा म्हटलं नाही."

आक्का म्हणाली, "भिंतीकडं मी झोपणार."

"मुळीच नाही. तिकडं कमी उठणारीनं झोपायचं."

"मग मीच की."