नेस्टा जारमनची शीळ

नेस्टा रोज सकाळी घराबाहेर पडायच्या आधी टेबलावरच्या बशीतलं लोणी बोटावर घ्यायची आणि ओठांना चोळायची. डोंगरावरचा वारा ओठ फोडतो, आणि फुटलेल्या ओठांतून शीळ नीट निघत नाही. एम्लिन, तिचा नवरा, शेगडीपाशी खुर्चीत बसलेला असायचा. त्याचं बोलणंही रोजचंच.

"वर रानात कोण बसलंय मुका घ्यायला?"

"तुझ्यापेक्षा देखणे आहेत. खोकतही नाहीत."

मग ती गव्हाची पिशवी खांद्याला लावून चढणीला लागायची. थोड्या वेळाने ओकच्या रानातून शीळ यायची. दोन आखूड सूर, मग एक लांबलचक, शेवटी वर चढत गेलेला. ती ऐकून फेझंट धावत सुटायचे. नेच्यांतून, कुंपणाखालून, तांबूस अंगाचे, लांब शेपट्या चिखलातून ओढत. पंख असून चालत येणारे पक्षी. अकलेने बटाटे, असं नेस्टाच म्हणायची. पण एखादा लंगडणारा दिसला तर त्याच्यासाठी वेगळी मूठ बाजूला टाकायची.

शीळ मुळात एम्लिनच्या वडिलांची. या खोऱ्यात शिकारीचे पक्षी सांभाळणाऱ्या प्रत्येक राखणदाराची शीळ वेगळी असे आणि ती घरातच राही. बुरसटलेल्या धान्याची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाऊन एम्लिनची फुप्फुसं गेली, चार पायऱ्यांना धाप लागू लागली, तेव्हा त्याने अंगणात उभं राहून ती बायकोला शिकवली. सुरुवातीला पक्षी येईनात. "त्यांना वाटतंय किटली उकळतेय," तो म्हणाला होता. पुढे तिची शीळ त्याच्यापेक्षा लांब जाऊ लागली. हे त्याने कधी कबूल केलं नाही.

घर इस्टेटीचं होतं. काम आहे तोवर घर, हा तिथला रिवाज. एम्लिन त्याच घरात जन्मला होता. त्याच्या वडिलांच्या काळी शिकार म्हणजे गावातले पाचसात जण, एक कुत्रा आणि रविवारच्या ताटापुरते पक्षी. आता इस्टेट काही शहरी मंडळींनी भाड्याने घेतली होती. उन्हाळ्यात पिंजरे भरभरून फेझंटची पिल्लं ट्रकने यायची, रानातल्या जाळीच्या आवारात वाढायची, आणि थंडी पडली की दूरदूरचे बंदूकवाले त्यांच्यावर नेम धरायला यायचे.

एम्लिन लहान असताना वसंतात त्या रानात निळी फुलं इतकी दाट यायची की पाऊल कुठे ठेवावं कळत नसे. आता आवाराभोवती जमीन उकरून काळी पडली होती, विष्ठेने करपली होती, आणि उगवायची ती फक्त अंगाची आग करणारी खाजरी. उतारावर ऊन खाणारे साप दिसेनासे झाले, कारण त्यांची बोटाएवढी पिल्लं फेझंट टिपून खात. सांडलेल्या गव्हाला उंदीर आले, उंदरांसाठी विष आलं, आणि एका सकाळी गोठ्याच्या आढ्याखाली पांढरं घुबड मरून पडलेलं मिळालं. नेस्टाने ते कुंपणापलीकडे पुरलं. घरी येऊन हात धुताना एवढंच म्हणाली, "तेसुद्धा आपल्याच गव्हाने गेलं."

डिसेंबरात मुख्य राखणदार क्लाइव्ह घरी आला. नॉरफकचा, म्हणजे बाहेरचा माणूस, कामाला चोख, बूट दारात काढणारा. त्याची अडचण साधी होती. समोरच्या डोंगरावरच्या मक्याच्या पट्ट्यात पक्ष्यांना चरायला न्यायचं, तिथून हाकाऱ्यांनी त्यांना उठवायचं, आणि ते घरच्या रानाकडे परतताना खाली ओढ्याकाठी उभे असलेले बंदूकवाले बार काढणार, अशी सगळी आखणी. पण पक्षी उडतच नव्हते. हाकारे आले की ते कुंपणाच्या कडेने पायी घरी निघत.

"तर मी म्हणतो," क्लाइव्ह चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाला, "हाका सुरू झाला की तुम्ही इकडे रानाच्या कडेला उभ्या राहा. आणि शीळ घाला. खाण्याची."

नेस्टाने एम्लिनकडे पाहिलं. एम्लिनने शेगडीकडे.

"भरवायला बोलावते मी त्यांना," ती म्हणाली.

"नंतर भरवा की. उरतील त्यांना."

"क्लाइव्ह, तू आईला असंच सांगतोस का रे, जेवायला हाक मार आणि दाराआड दांडा घेऊन उभी राहा?"

तो हसला नाही. "हे बघा, मला वाईट वाटत नाही असं नाही. पण हा हंगाम फसला तर ही मंडळी पुढच्या वर्षी येणार नाहीत. हाकाऱ्यांची मजुरी गेली, पब गेला. आणि हे घर कोणाच्या नावावर आहे, ते मी तुम्हाला सांगायला हवं का?"

तो गेल्यावर नेस्टाने त्याचा कप विसळला. शेवटी एम्लिनच म्हणाला, "एक दिवस शीळ घालायची. जग बुडत नाही."

"तू घातली असतीस?"

"माझ्यात दम कुठाय."

"ते नाही विचारलं मी," नेस्टा म्हणाली, आणि बटाटे सोलायला बसली.

शिकारीच्या दिवशी एम्लिनने हट्टाने स्वतःला जीपमधून रानाच्या कडेला न्यायला लावलं. काच खाली करून बसला. नेस्टा त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर उभी होती, पाठमोरी. समोरच्या डोंगरावर हाकाऱ्यांच्या काठ्या झाडांवर आपटू लागल्या. तिने शीळ घातली.

राखणदारीत जन्म गेलेल्या एम्लिनने असं कधी पाहिलं नव्हतं. मक्यातून पक्षी एकदम उठले, सगळेच्या सगळे, आणि खोऱ्यावरून सरळ तिच्याकडे निघाले. उंच, वेगात, वाकडी वाट न करता. खाली बार सुरू झाले. हवेतच पक्षी आखडत होते, चिंध्यांसारखे खाली जात होते, आणि मागचे तरी येतच होते. क्लाइव्हने दुरून हात वर केला. आणखी. नेस्टाने पुन्हा शीळ घातली.

छरे लागूनही काही जण घरापर्यंत पोचले. फेझंटचा एक कोंबडा तिच्यापुढे धप्पकन उतरला. त्याचा एक पंख जमिनीवर लोंबत होता, पोटाखालची पिसं ओली होती. तो उभा राहिला, चालत तिच्या बुटापाशी आला आणि मान वाकडी करून तिच्या हाताकडे बघू लागला. पिशवी कुठेय, असं. नेस्टा खाली वाकली. एम्लिनला तिची पाठ तेवढी दिसली, आणि मान पिरगळताना खांद्याला बसलेला हिसका. मग ती दुसऱ्याकडे वळली.

संध्याकाळी पाहुण्या बंदूकवाल्यांनी नेहमीप्रमाणे मेलेल्या पक्ष्यांची एकेक जोडी घरी नेली. बाकीचे कोणाला हवे होते? मांसाच्या व्यापाऱ्याने गाडी भरली आणि पुरे म्हणाला. त्याच्याकडे आधीचेच पडून होते. उरलेल्यांसाठी क्लाइव्हने जेसीबीने मागच्या माळावर खड्डा घेतला. परतीच्या वाटेवर जीप तिथे थांबली, कारण रस्ता जेसीबीने अडवला होता. पंजांना सुतळ्या बांधलेल्या जोड्याच्या जोड्या खड्ड्यात लोटल्या जात होत्या. त्यांच्या अंगातल्या छऱ्यांचं शिसंही त्यांच्याबरोबर मातीत चाललं होतं, ओढ्याच्या वरच्याच अंगाला.

"आज तुमच्यामुळे," क्लाइव्ह खिडकीशी येऊन म्हणाला. त्याचा आवाज खरोखर आभाराचा होता. "जानेवारीच्या शेवटी मोठी मंडळी आहेत. तेव्हाही असंच."

 घरी आल्यावर नेस्टाने ओठ रुमालाने पुसले. पुन्हा पुन्हा पुसले.

दुसऱ्या दिवशी ती रानात गेली. एम्लिन कान देऊन बसला होता. शीळ आली, आणि तिच्या मागोमाग घरच्या फ्लॉस कुत्रीचं भुंकणं. फ्लॉस एरवी रानात आवाज करत नसे, तिला तशी सवयच नव्हती. मग डबा बडवल्याचा आवाज, पंखांची फडफड. मग पुन्हा शीळ, पुन्हा भुंकणं. तो खुर्चीतून उठून दारापर्यंत गेला आणि चौकटीला धरून उभा राहिला. ती काय करतेय हे कळायला त्याला फार वेळ लागला नाही. शीळ म्हणजे धोका, हे ती पक्ष्यांना शिकवत होती.

ती आली तेव्हा गव्हाची पिशवी भरलेलीच होती.

"शीळ नासवतेयस," तो म्हणाला.

"हो."

"माझ्या बापाची शीळ आहे ती."

"म्हणूनच."

"आणि घराचं काय, नेस्टा?"

ती खाली बसून बूट काढत राहिली. "एम्लिन बाख," बाख हा लाडाचा शब्द लावून ती म्हणाली, "तो कोंबडा माझ्याकडे खायला मागत होता. पंख तुटलेला, आणि तरी मागत होता. मला ते पुन्हा नको. तुला क्लाइव्हला सांगायचं असेल तर सांग. मी रागावणार नाही."

त्याने सांगितलं नाही. मात्र रोज सकाळी डब्याचा आवाज आला की तो चहा बाजूला ठेवायचा आणि खोलीभर नजर फिरवायचा. आईने भिंतीत ठोकलेल्या खुंट्या, दाराच्या चौकटीवर त्याची उंची मोजल्याच्या खुणा. या गोष्टी काही सामानात बांधून नेता येत नाहीत.

जानेवारीच्या शेवटी मोठी मंडळी आली. हाका सुरू झाला, नेस्टा ठरल्या जागी उभी राहिली आणि सांगितल्याप्रमाणे तिने शीळ घातली, नेहमीपेक्षाही स्वच्छ. मक्यातून उठलेले पक्षी खोऱ्याच्या मध्यावर आले, शीळ कानावर पडली आणि ते वळले. काही हाकाऱ्यांच्याच डोक्यावरून मागे गेले, काही खिंडीपलीकडच्या खोऱ्यात. ओढ्याकाठी तुरळक बार झाले. मग शांतता पडली, आणि त्या शांततेत कोणीतरी मोठ्याने जांभई दिली.

क्लाइव्ह खुळा नव्हता. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याने बूट काढले नाहीत. ओरडलाही नाही. "मला वरती काहीतरी सांगावं लागेल," तो म्हणाला. "हे सोडून काय सांगू, तुम्हीच सांगा."  वसंताच्या आत घर रिकामं करायचं ठरलं. गावात दोनतीन हाकाऱ्यांच्या बायकांनी तिला ओळख देणं सोडलं. पुढच्या हंगामाची मजुरी गेली होती, त्यांचंही काही चुकत नव्हतं.

तेवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण फेब्रुवारीत बर्फ पडला आणि टिकला. खिंडीपलीकडे गेलेल्या फेझंटना शोधून खाणं माहीत नव्हतं, त्यांना फक्त शीळ माहीत होती, आणि आता शिळेला ते घाबरत होते. नेस्टा पिशवी घेऊन पांढऱ्या माळावर फिरायची. शीळ घातली की ते पळत, न घालावी तर कळत नसे ते कुठे आहेत. रस्त्याच्या कडेला ते मरून पडलेले मिळू लागले, काही गाड्यांखाली आलेले, काही नुसतेच. कोल्ह्यांनी इतके मारले की सगळे खाल्लेसुद्धा नाहीत. एक पक्षी तिने घरी आणून टेबलावर ठेवला आणि त्याच्या गळ्याखाली बोटाने दाबून बघितलं. पक्षी दाणे साठवतो ती गळ्यातली पिशवी सपाट होती.

"बंदुकीने मेले असते तर लवकर मेले असते," ती म्हणाली.

एम्लिनला वाटलं, काहीतरी बोलावं. तुझं चुकलं नाही, असं काहीतरी. पण तो राखणदार होता. खोटं बोलणं त्याला जमलं नाही. तो म्हणाला, "बस जरा. हात गार पडलेत तुझे."

बाजाराच्या गावात त्यांना कौन्सिलचा, म्हणजे नगरपालिकेचा फ्लॅट मिळाला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेला. एम्लिनच्या छातीला ते मानवलं. नेस्टाला करायला काही उरलं नाही. ती खिडकीशी बसून बसस्टॉपवरची माणसं बघायची. ओठ तिचे मऊच राहिले, तिथे वारा लागत नव्हता. तिने पुन्हा कधी शीळ घातली नाही, आणि त्यानेही कधी विषय काढला नाही, एकदा सोडून.

ऑक्टोबरातली संध्याकाळ होती. पावसाची झड लागली होती. फ्लॉस रेडिएटरपाशी झोपली होती. पुढच्या पहाटे नेस्टा झोपेतच गेली. डॉक्टर हृदय म्हणाले, आणि ते खरंच असेल. पण त्या संध्याकाळी ती खुर्चीत बसून मोज्याची टाच विणत होती, आणि एम्लिनने टीव्हीचा आवाज कमी करून विचारलं, "नेस्टा, परत तशी वेळ आली तर परत तसंच करशील?"

तिने सुया मांडीवर ठेवल्या. विचार करत होती असं वाटलं. मग त्याच्या मागे बघत म्हणाली, "ती खिडकी ओढून घे जरा. पडदा भिजतोय."