पोत्यावरची अक्षरं

परवा जळगावात गाडीचे ब्रेक पॅड बदलताना मेकॅनिक नवा खोका दाखवत म्हणाला, “यात अ‍ॅस्बेस्टॉस नाही, साहेब.” जुन्या पॅडचा जळका वास नाकात गेला आणि मला धुळ्याचा ब्रेक लायनरचा छोटा कारखाना आठवला. तरुणपणी मी तिथे सुपरवायझर होतो.

गजराबाई तिथे माल मिसळायची. अ‍ॅस्बेस्टॉसचे पांढरे तंतू ती हातांनी मोकळे करून राळेच्या भुकटीत आणि पितळेच्या किसात घालायची. कापसासारखी ती धूळ तिच्या भुवयांवर बसायची. एका दुपारी रिकामं पोतं झटकत तिने विचारलं, “भाऊ, हाई घर लई जाऊ का? पोरले आंथराले व्हई.” मग छापील अक्षरांवर बोट ठेवून म्हणाली, “आनि हाई काय लिखेल शे?”

ही धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसं निकामी होतात, असं तिथे इंग्रजीत लिहिलं होतं. बाया काम सोडून गेल्या तर मालक मला धारेवर धरेल, एवढंच माझ्या मनात आलं.

“काही नाही, कंपनीचा पत्ता आहे,” मी म्हणालो. “ने खुशाल.”

तिने हसून पोत्याची घडी काखेत मारली. आपण एका गरजू बाईला मदत केली, असं मला तेव्हा खरंच वाटलं.

काही वर्षांनी गजराबाई खोकून खोकून गेली. मी घरी भेटायला गेलो, तेव्हा तिच्या नवऱ्याने माझ्यासाठी चहा मागवला. “भाऊ, तुमीन तिले कधी नही म्हनं नही,” तो डोळे पुसत म्हणाला.

मी मान खाली घालून चहा संपवला. त्या पोत्यावर निजलेली त्यांची मुलगी कशी आहे, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.