घरात कोणी व्यवसाय करतं का?

कॉलेजच्या फॉर्मवर हा प्रश्न होता आणि मी ‘नाही’वर खूण करून मोकळी झाले. लाज वाटायला हवी होती. पण तेव्हा मला ती जागा हवी होती.

जागा म्हणजे शेवटच्या वर्षाच्या पाच मुलांना कॉलेज देणार होतं ती एक खोली, पाकिटं बंद करायचं मशीन आणि वर्षभराचं मार्गदर्शन. मी कुळथाचं पीठ विकणार होते. नोटिशीत लिहिलं होतं, ज्यांच्या घरात आधी कोणी धंदा केलेला नाही, त्या पहिल्या पिढीच्या मुलांना प्राधान्य.

आता आमच्या घरात काय होतं ते सांगते. बाबा मुंबईत नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला येणार. रत्नागिरीत मी आणि आई. मी शाळेत जायला लागले तेव्हापासून आई कुळीथ भाजून, दळून पीठ विकत होती. मुंबईच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीने तिची पार्सलं जात. पण याला ती कधी धंदा म्हणाली नाही. “माझं पिठाचं आटपू दे गो,” एवढंच म्हणायची. त्यामुळे मी केलेली खूण अगदीच खोटी नाही, अशी मी मनाची समजूत घातली. काय पण समजूत!

खरी पंचाईत पुढेच होती. मुलाखतीला पालकांना आणा, त्यांची सही लागेल, असं सर म्हणाले. बाबांनी फोनवर हात झटकले. “आधी कुठेतरी चिकट, मग काय ते कर.” उरली आई, आणि सगळ्यात जास्त विरोध तिचाच.

“ताप आला तर रजा मिळेल अशी नोकरी धर,” ती म्हणाली. “तापाने फणफणत असताना मी शेगडीपुढे बसल्येय. तुला कशाला हवंय ते?”

“मग तू का करत्येस?” मी चिडून विचारलं.

“तुला करायला लागू नये म्हणून.”

तरी मुलाखतीच्या सकाळी ती चांगली साडी नेसून दारात उभी. “येत्येय. पण सही करीन असं धरून चालू नकोस.”

आम्ही रिक्षाने निघालो. ती सही करणार नाही ही एक धास्ती, आणि आत तिलाच काही विचारलं तर, ही त्याहून मोठी. तिला एकच वाक्य सांगायचं होतं, की विचारलं तर ‘मी काही करत नाही’ म्हण. मारुती मंदिर मागे पडलं तरी ते तोंडातून निघेना. आईला असं कुठल्या तोंडाने सांगतात? नाहीच सांगितलं.

आत सर आणि बाहेरगावाहून आलेल्या एक बाई होत्या. व्यवसायच करावा असं का वाटलं, असं बाईंनी विचारलं. मी पाठ केलेलं घडाघडा म्हटलं, स्वतःच्या पायावर उभं राहणं, चार जणांना काम देणं वगैरे. खरं कारण निराळं होतं. मी नववीत असताना पीठ जाडं आहे म्हणून एक गिऱ्हाईक आईला वाट्टेल ते बोलत होतं. आईने पाकीट परत घेतलं आणि म्हणाली, “मग माझं पीठ तुमच्यासाठी नाही.” बाबा त्यांच्या साहेबाला असं जन्मात म्हणू शकले नसते. मला तेच हवं होतं, एखाद्याला ‘नको’ म्हणता येणं. पण ते सांगितलं असतं तर आईचं सगळंच बाहेर आलं असतं.

सरांनी फॉर्म चाळला. “घरात कोणीच व्यवसायात नाही ना? पहिल्या पिढीला प्राधान्य आहे, म्हणून विचारतो.”

“नाही,” मी म्हटलं. शेजारी बसलेल्या आईकडे मी बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात बाईंचं लक्ष आईच्या हातांकडे गेलं. बोटांवर कढईचे चटके, काही जुने, काही परवाचे. “कुळीथ तुम्ही घरीच भाजता वाटतं?”

संपलं, मला वाटलं. आईला खोटं बोलायला जमत नाही. आणि खरं बोलली असती तर माझा नाद आपोआप सुटला असता, तिला हवं होतं तसाच.

“घरापुरतं भाजते,” आई म्हणाली. मग तिने सरांकडून कागद मागून घेतला आणि सावकाश सही केली. “आमच्याकडे कोणी नाही हो. हीच पहिली.”

जागा मला मिळाली. आई माझ्यासाठी खोटं बोलली की मला टोचावं म्हणून, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. भीती वाटते. त्या दिवशी कॉलेजचा जिना उतरताना मी तिचा हात धरायला गेले, तर तिने तो पदरात गुंडाळून घेतला.