चौथऱ्यावरून उतरलेल्या नीलांबरीबाई

नीलांबरीबाई कुणाच्या अध्यात ना मध्यात. अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये एका खोलीच्या अपार्टमेंटात एकट्याच राहायच्या. मुलगा वेदांत दहा मिनिटांवर, पण येणं सणावारी. नागपुरात त्यांनी जन्मभर कथक शिकवलं; इथे पाय जरा आपटला की खालची बाई झाडूने छत ठोकायची.

लायब्ररीतल्या एका कार्यक्रमात त्यांना मारिबेल भेटली. तिचा रॉक बँड होता आणि त्यातले उद्योग भलतेच धाडसी होते. व्हेराक्रूझकडची जुनी मेक्सिकन लोकगाणी, सोबत इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्स, आणि मधोमध लाकडी फळ्यांचा बुटका चौथरा. त्यावर टाचा आपटून नाचायचं, तोच गाण्याचा ताल. तिने प्रेक्षकांना वर बोलावलं. बाई चढल्या आणि बुटांनिशी कथकच्या पदन्यासाचा असा तत्कार केला, की ड्रमर वाजवायचाच थांबला.

मग दर शनिवारी मारिबेलच्या गॅरेजमध्ये तालीम. तिथे चौथऱ्यावर नाचायला बाई एकट्याच. पोरं त्यांना ‘तिया’ म्हणायची, म्हणजे मावशी. आपली कुणी वाट बघतंय, हे सुख बाई विसरूनच गेल्या होत्या. त्यांनी हौसेने टाचांचे नवे बूट घेतले.

उन्हाळ्यात पार्कमध्ये कार्यक्रम झाला. बाई ऐन रंगात होत्या. तेवढ्यात एक तरुण मुलगी चौथऱ्यावर आली, हसली आणि तिने हळूच त्यांच्या खांद्याला हात लावला. बाई समजायचं ते समजल्या. खाली उतरल्या, पर्स उचलली आणि बस पकडून घरी आल्या. त्यानंतर मारिबेलचे फोन त्यांनी घेतले नाहीत. मानी माणसाला समजवायचं कुणी?

शेवटी मारिबेलच दारात उभी राहिली.

“तिया, तू निघून का गेलीस?”

“तुम्हाला ती मुलगी हवी होती ना?”

“अगं, आमची रीतच आहे ती! दुसरीने हात लावला की उतरायचं, दम खायचा आणि पुन्हा चढायचं. आम्ही तुझ्यासाठी ते गाणं किती वेळ वाजवत ठेवलं होतं!”

पण आता उशीर झाला होता. बँड टेक्सासच्या दौऱ्यावर निघाला होता आणि नाचायला तीच मुलगी ठरली होती. मारिबेलने बाईंना मिठी मारली आणि ती गेली.

बाई पलंगावर बसून राहिल्या. त्यांना सून आठवली. “आई, आजचा स्वयंपाक मी करते, तुम्ही बसा,” एवढंच अस्मिता एकदा म्हणाली होती, आणि त्याच महिन्यात बाईंनी वेदांतच्या घरातून गाशा गुंडाळला होता. पोरगी ‘आजचा’ म्हणाली होती, आणि आपण कायमच्या उतरून आलो.