किल्लीवाल्याने न सांगितलेली गोष्ट

किल्लीवाल्याचं तोंड म्हणजे चालू राहिलेला नळ. चौकातल्या त्याच्या टपरीवर किल्ली करायला गेलेला माणूस कुलपाचा अख्खा इतिहास ऐकूनच परत यायचा. याच तोंडाने त्याचा घात केला, दुसरं काय!

औषधांच्या दुकानात चोरी झाली. पोलिसांनी याला माहितीपुरतं बोलावलं होतं. फौजदाराने कुलूप समोर ठेवलं. "हे किल्लीशिवाय उघडेल?"

गप्प बसावं ना! पण छे. "साहेब, पाच मिनिटांचं काम," म्हणत गड्याने तार मागवली आणि उघडून दाखवलं. वर, चोराने उगाच ओरखडे पाडलेत, आपण असतो तर कसं सफाईने केलं असतं, तेही रंगवून सांगितलं. हवालदार सगळं लिहून घेत होता. संध्याकाळपर्यंत हा आरोपी.

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "काका, चोरी तुम्ही केली हे त्यांनी सिद्ध करायचंय. केली नाही हे तुम्ही सिद्ध करायची गरज नाही. आता या विषयावर एक अक्षर बोलायचं नाही. अगदी घरीसुद्धा. तुमचं एक वाक्य दहा तोंडी गेलं की त्याचं काय होतं, बघितलंत ना?"

मग तारखांमागून तारखा. दोन वर्षं हा बडबड्या माणूस कोर्टातल्या बाकावर मुका बसला. त्याचे गुडघे धरले, जीव नुसता आंबून गेला. बायको प्रत्येक तारखेला डबा घेऊन शेजारी बसायची. तिने एकदाही काही विचारलं नाही. केवढा विश्वास, असं त्याला वाटायचं, आणि तेवढ्यावर तो दिवस ढकलायचा.

शेवटी न्यायाधीशांनी सांगितलं, पुरावा नाही, निर्दोष. घरी येऊन त्याने चपला काढल्या आणि मटकन खाली बसला. बायकोने पाणी दिलं.

"सुटलात, बरं झालं," ती म्हणाली. "झालं गेलं विसरा आता. घरात तंगी होती, होते माणसाकडून चूक. मी कधी बोलून दाखवलं का?"

त्याच्या हातातला पेला तसाच राहिला. दोन वर्षं ती एका चोराला डबा आणत होती तर!

"अगं, मी नाही केली चोरी." हे तो तिला आजवर कधी म्हणालाच नव्हता.

"हो हो," ती मायेने म्हणाली. "हातपाय धुवा, जेवून घ्या."